पटेल असं

देवू सावे गेला आणि त्याच्या शोकसभेत माणसांनी जे तारे तोडले, ते ऐकून माझं डोकंच उठलं. एक म्हणाला, देवूभाऊंनी गोरगरिबांची गाऱ्हाणी सरकारदरबारी पोचवली. दुसरा म्हणाला, त्यांच्या लेखणीला धार होती. माकुणसारच्या देवळात मी मागच्या खांबाला टेकून बसलो होतो. "तुम्ही वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसलात, दोन शब्द बोला," असा आग्रह झाला. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा चांगला ठणठणीत होता. पण मेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत वाईट बोलू नये म्हणतात, आणि चांगलं काही मला आठवेना.

मी पाम गावचा, धंद्यानं टायपिस्ट. बाहत्तर सालापासून पालघरात एका कचेरीच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल होतं. कचेरी कुठली ते सांगत नाही, आज तिथं बसणाऱ्यांचा काय दोष? माझ्या डाव्या हाताला देवूचं टेबल. लोकांनी गाऱ्हाणं सांगायचं, त्यानं त्याचा अर्ज लिहायचा आणि मी तो टाइप करायचा, अशी आमची जोडी. जोडी म्हणतानासुद्धा अंगावर काटा येतो.

देवूचं सगळं शिक्षण एका शब्दात मावत होतं. प्लॉझिबली. बी.ए.ला तो तीनदा बसला आणि तीनदा उठला, पण हा एक इंग्रजी शब्द त्याच्याकडं होता आणि तो त्यानं मरेपर्यंत वापरला. त्याला हा शब्द कुठं मिळाला ते त्यानंच मला हजार वेळा सांगितलंय, आणि दरवेळी छाती फुगवून.

तारापूरला तेव्हा मोठी बांधकामं चालली होती. देवू तिथं एका ठेकेदाराकडं हजेरी घ्यायला होता. एकदा दोन तास उशिरा पोचला. झालं होतं असं, की बोईसरहून निघालेल्या एस.टी.च्या टपावरचं कोंबड्यांचं खुराडं फुटलं आणि ड्रायव्हर-कंडक्टरसकट सगळी गाडी शेतात उतरून कोंबड्या धरत बसली. देवूनं हे जसंच्या तसं लिहून दिलं. मद्रासी साहेबानं त्यावर लाल शाईनं शेरा मारला, प्लॉझिबली खुलासा करा. देवूनं पालघरच्या वाचनालयात जाऊन डिक्शनरी उघडली. अर्थ होता, खरं वाटेल अशा रीतीनं, पटेल असं. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा खुलासा दिला, की काल पहाटे माझी आई वारली. साहेबाला लगेच पटलं. वर चार दिवसांची रजा मिळाली. आई घरी वाल सोलत बसली होती. पुढं अकरा वर्षं जगली बिचारी.

दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. ह्या पठ्ठ्याला साक्षात्कार झाला! त्या दिवसापासून खरं काय ह्या भानगडीत तो पडलाच नाही. बांधकाम संपलं, नोकरी गेली, आणि हा शब्द काखोटीला मारून तो आमच्या शेडखाली येऊन बसला.

रिकामा वेळ असला की तो मला त्या शब्दाचा उपयोग शिकवायचा. "हे बघा टायपिस्ट, हा शब्द बोलण्याला लागतो. सांगितलं, लिहिलं, मांडलं, खुलासा केला, यांच्याबरोबर बसतो. जेवला, झोपला, पडला, यांच्याशी त्याचं जमत नाही." मी मान हलवायचो. पण मीही एकदा ती डिक्शनरी बघून आलो होतो. त्यातली वाक्यं वाचली तेव्हा मला दिसलं ते देवूनं कधी सांगितलं नाही. हा शब्द सरळ माणसाबद्दल कोणी वापरतच नाही. सूर्य पटेल असा उगवला, म्हणतो का कोणी? आई पोराला पटेल असं पाजते का? जिथं ऐकणाऱ्याच्या मनात आधीच पाल चुकचुकलेली असते तिथं हा शब्द येतो. तो बोलणाऱ्याचं कौतुक करतो आणि त्याच वेळी त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघतो. आणि पटायचं कोणाला? ज्याच्या हातात शिक्का आहे त्याला. बाकीच्यांना पटो न पटो, कोण विचारतो!

तर अशा ह्या शब्दावर देवूनं आख्खा तालुका हाकला. डोंगरपाड्यांतल्या माणसांना जन्मतारीख माहीत नसायची. "मोठं वादळ झालं त्या साली" म्हणायचे. देवू सगळ्यांना एक जून द्यायचा. एकाच आईची चार पोरं, चौघांचा जन्म एक जूनला, आणि साहेब डोळे मिटून सही करायचे. आजार म्हटला की मुदतीचा ताप. घर पडलं की वाऱ्यानंच. एकदा बोईसरच्या कारखान्यातला एक भैया रजेचा अर्ज लिहून घ्यायला आला. देवूनं लिहिलं, मुलगा आजारी आहे. मी वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "भाईसाब, मेरी तो शादी ही नहीं हुई." देवू मान वर न करता म्हणाला, "अब हो गई." तो हसला, मीही हसलो. हसण्यापुरतं ठीक होतं हो. पण तो हात पुढं कुठं पोचला ते सांगायला बसलोय.

एकोणऐंशी सालच्या माघात किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातली दामू तांडेलची होडी पहाटे गेली ती परत आलीच नाही. अचानक वारा फिरला होता. चौथ्या दिवशी फळ्या आल्या, मग तीन देह आले. बाकी कोणी नाही. दामू मालक, तो त्या दिवशी ताप आला म्हणून किनाऱ्यावर राहिलेला. त्याचा सख्खा भाऊ त्या होडीत होता. कचेरीनं त्याला जबाब लिहून मागितला, कोण कोण होते, किती होते. तो आला देवूकडं.

"सात नावं सोसायटीच्या वहीत हायेत," दामू म्हणाला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. "आन आठवा जिवल्या. मासवणकडचा, डोंगरातला. या साली जाळी ओढाया घेतलेला. त्याचं नाव वहीत घालायचं राहिलं. पन तो चढला, मी बघितला."

"म्हणजे आठ?"

"आठच असतील."

"असतील म्हणजे? मोजली नव्हती?"

दामूनं कानाला हात लावला. "आमच्या आळीत होडीत चढनाऱ्यांची डोकी मोजत नाय भाऊ. मोजली का दर्या एक कमी करतो. बापानं नाय मोजली, मी नाय मोजली."

आता ह्यात न समजण्यासारखं काय होतं? त्यांची रीत ती. माणूस भावाच्या मरणातून उठून खरं सांगायला आला होता. मी टाइपरायटरवर कागद चढवूनसुद्धा ठेवला होता. पण देवूनं पेनाचं टोपण लावलं आणि मास्तरासारखा हसला.

"दामू, साहेब म्हणतील, मालकाला आपल्या होडीत माणसं किती तेच माहीत नाही? दर्या एक कमी करतो, हे कचेरीत वाचतील? वही सात म्हणते, तू आठ म्हणतोस, आणि वर मोजली नाहीत म्हणतोस. अरे, वहीबाहेरचा माणूस नेला म्हणून तुझ्यावरच शेकेल. सात लिहू. सात पटतं."

"मंग जिवल्या कुठं गेला म्हनू?"

देवूनं पाच मिनिटं विचार केला. तंबाखू मळली, चुना काढला, आणि मग त्याचा चेहरा खुलला. तो चेहरा मला आजही दिसतो आणि तिडीक येते. "वीटभट्टीवर!" तो म्हणाला. "उचल घेऊन भिवंडीकडं पळाला. आदल्याच दिवशी. डोंगरातली माणसं जातातच की भट्टीवर. ह्याला कोण नाही म्हणेल?"

दामूनं पेन हातात घेतलं. म्हणाला, "बरा मानूस होता तो." आणि सही केली. भाऊ गेलेला माणूस, मी समजू शकतो, पण माफ नाही करू शकत. आणि मी? मी तीन कार्बन घालून चार प्रती काढल्या. "सदर इसम हा आदल्या दिवशीच काम सोडून पळून गेल्याचे समजते." एकही चूक नाही टायपिंगमध्ये. साहेबांना पटलं. सात माणसं बुडाली आणि एक पळाला, अशी नोंद झाली.

श्रावणात एक बाई शेडखाली येऊन उभी राहिली. काळी, उंच, गुडघ्याच्या वर लुगडं, हातात कोयता. जिवल्याची बायको, बायडी. मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरून चालत आली होती. तिनं नाव सांगितलं तशी मी मान खाली घातली. देवूनं? छे. त्यानं विचारलं, "काय काम आहे, बाई?"

तिनं सगळं सांगितलं. पाड्यावर बातमी आली होती की जिवल्या भट्टीवर पळाला. कागदावरच तसं लिहिलंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? सासू मंगळी म्हणाली, तूच छळलंस म्हणून गेला. दीर चिंधू म्हणाला, दुसरी बाई केली असेल. बायडी एकटी म्हणत होती, तो बुडाला. कोणी ऐकेना. मग ती भिवंडीपर्यंत भट्ट्या पालथ्या घालून आली. पावसाच्या तोंडाला भट्टीवरची सगळी माणसं घरी आली, प्रत्येकाला विचारलं. कोणी जिवल्याला बघितला नव्हता.

"तो व्हडीत व्हता," ती म्हणाली. "मी तटं रेतीत व्हते, बोंबील वाळवाया. त्यानं चढताना कोयता माज्या हातान दिला. म्हनला, ठेव, पान्यात पडंल. त्यो हा कोयता." आणि तिनं तो देवूच्या टेबलावर ठेवला.

मी पामचा आहे, ह्याच मुलखातला. डोंगरातल्या माणसाचा कोयता म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही. तो कमरेला असतो, झोपताना उशाशी असतो. घर सोडून परमुलखात जाणारा माणूस चटणी-भाकरी विसरेल, कोयता विसरणार नाही. कोयता मागं ठेवून भट्टीवर गेला, असा एक माणूस त्या सगळ्या डोंगरात दाखवा. ते पातं टेबलावर पडलं आणि माझ्यापुरता निकाल लागला.

"तुला काय पाहिजे?" देवूनं विचारलं.

"तो व्हडीत व्हता, येवढं लिवून द्या."

"भरपाई किती मागायची?"

"मना पैसं नको. बुडाला म्हनून लिवा. मंग त्याचं दिस घालता येतील. आता पाड्यावर कोनी दिस घालू देत नाय. जित्या मानसाचं दिस कसं घालायचं म्हनतात."

मला वाटलं, आता तरी हा माणूस विरघळेल. निदान तोंड लपवेल. आपणच सहा महिन्यांपूर्वी लिहिलेल्या थापेखाली ही बाई चिरडली जातेय, ती आपल्याच टेबलापुढं उभी आहे, आणि आपल्यालाच अर्ज लिहायला सांगतेय! पण देवूनं तिचा अर्जही घेतला. माझ्याकडं वाकून म्हणाला, "केस चांगली आहे, पण प्लॉझिबली मांडायला लागेल."

मी म्हणालो, "देवू, आहे तसं लिही. कोयत्याचं लिही."

"कोयता? कोयत्यानं काय सिद्ध होतं? साहेब पुण्याचे. ते हसतील. आणि ही मासवणहून चालत आली आणि पैसे नको म्हणते, हे तुम्हाला तरी पटतं का? पैसे नको म्हटलं की साहेबांना वाटणार, हिच्यामागं कोणी पुढारी आहे. माणूस कचेरीत येतो तो काहीतरी मागायला. रक्कम घातली की अर्ज खरा वाटतो."

आणि त्यानं अर्जात पाच हजार घातले. कोयता गाळला. भट्ट्या गाळल्या. "मी अबला, निराधार, चार मुलांची आई" असं लिहिलं. तिला मूलच नव्हतं. "चार पटतात," म्हणाला. मी हे सगळं टाइप केलं का? केलं. दर पानामागं दीड रुपया मिळायचा, आणि मला माझ्या दीड रुपयाचीही शरम वाटत नव्हती तेव्हा. बायडीनं अंगठा उठवला आणि वर म्हणाली, "देव तुमचं बरं करो, भाऊ." देवूनं ते मोठ्या मनानं स्वीकारलं.

दिवाळीआधी सुनावणी झाली. बायडी पहाटेच येऊन बसली होती. शिपायानं कोयता आत नेऊ दिला नाही, म्हणून तो माझ्या टेबलाखाली ठेवून गेली. दामूलाही बोलावलं होतं. आत काय झालं ते मला शिपायानं नंतर सांगितलं. दामूला बायडीचं तोंड बघून राहवलं नाही. तो साहेबांना म्हणाला, "खरं सांगतो साहेब, आठ होते. जिवल्या व्हता." साहेबांनी जुना जबाब पुढं केला, ही सही तुझीच ना? हो. मग तेव्हा सात का? दामू म्हणाला, आमी डोकी मोजत नाय साहेब. साहेब मोठ्यानं हसले. मग त्यांनी बायडीला विचारलं, तुझी चार मुलं कुठं आहेत? ती म्हणाली, मना पोर नाय. पाच हजार कशाला पाहिजेत? म्हणाली, मना पैसं नको. साहेबांनी कपाळाला हात लावला. कोयत्याबद्दल ती सांगायला गेली, तर म्हणाले, अर्जात हे कुठं आहे? आता आयत्या वेळी नवीन काढू नकोस.

म्हणजे बघा. त्या खोलीत त्या दिवशी दोन माणसं खरं बोलत होती, आणि दोघांनाही देवूच्या कागदानं खोटं पाडलं.

तासाभरानं ती निकालाचा कागद घेऊन बाहेर आली. दामू मागच्या दारानं निघून गेला होता. माझ्या टेबलापुढं उभी राहून तिनं कागद पुढं केला. "काय लिवलंय, वाचा भाऊ."

मी आधी मनात वाचला. "अर्जदार बाईने रकमेच्या लोभाने बनावट हकीकत रचल्याचे दिसून येते. जिवल्या हा होडीत असल्याचा कोणताही पुरावा नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे." खाली सही आणि गोल शिक्का. मी देवूकडं बघितलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कागद डोळ्यांसमोर धरून बसला. म्हटलं, वा रे मर्दा!

बायडी माझ्या तोंडाकडं बघत होती. आठ महिने ती ह्या एका ओळीसाठी हिंडत होती. मी चष्मा पुसला, कागद नीट धरला आणि कचेरीच्या भाषेत, सावकाश वाचून दाखवलं. "चौकशीअंती असे दिसून येते की मौजे मासवण येथील जिवल्या हा इसम दामू तांडेल याच्या होडीत होता. तो इतर सात जणांसह समुद्रात बुडून मयत झाला. सबब तशी नोंद घेण्यात येत आहे." मी एका शब्दाला अडखळलो नाही. शेवटी शिक्क्यावर बोट ठेवून म्हणालो, "हा सरकारचा शिक्का."

"व्हडीत व्हता म्हनून लिवलंय?"

"हो. होडीत होता."

"पळाला नाय?"

"नाही बाई. पळाला नाही."

तिनं कागद हातात घेतला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग ती तिथंच, माझ्या टेबलाच्या पायाशी मटकन बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की कचेरीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. आठ महिन्यांत ती रडलीच नव्हती. पळून गेलेल्या नवऱ्यासाठी बाई रडणार कशी? रडत रडतच तिनं हातातल्या बांगड्या फरशीवर आपटून फोडल्या. एका हाताच्या, मग दुसऱ्या हाताच्या. मनगटातून रक्त आलं तरी थांबली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, कागदाची घडी कमरेला खोचली, टेबलाखालचा कोयता उचलला, आणि देवूच्याही पाया पडून गेली. त्यानं पाय मागं घेतले नाहीत.

ती घराकडं, मनोरच्या रस्त्याला लागली तशी देवूनं खुर्ची माझ्याकडं सरकवली. सबंध वीस वर्षांत त्यानं माझं एवढं कौतुक दुसऱ्यांदा कधी केलं नाही. "टायपिस्ट, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "काय वाचलंत हो! मला ठाऊक असून क्षणभर मलाही खरं वाटलं."

"खरंच होतं ते, गाढवा," मी म्हणालो.

त्याला काही ते पटलं नाही.